खेत्रोजी नाइकाच्या पंचवीस फेऱ्यांची बखर

श्री. जो श्वास आत घेववितो आणि वेळेवर बाहेरही सोडवितो, त्या देवास साष्टांग नमन करोन, जैसे पाहिले आणि ऐकिले तैसे लिहिले असे. शके सत्राशे नऊ, प्लवंगनाम संवत्सरे, एका राज्यात (नाव सांगो नये, तेथील लोक अद्यापि मनास लावून घेतात) डाक पळविणारे जासूद बहुत नामांकित होते, आणि पलीकडील राज्याचे जासूद त्यांहून नामांकित होते, हेच दुःख. दरसाल माघ मासी सीमेच्या दगडापासून राजधानीच्या वेशीपर्यंत तेरा कोसांची शर्यत होई, आणि जो जिंके त्याचे राज्यी चांदीच्या मुठीची काठी वर्षभर राही. ती काठी कैक वर्षे पलीकडेच नांदत होती. जासुदांचा नाईक खेत्रोजी. त्याने मागील साली अकरा कोस सर्वांपुढे धाव घेतली, आणि मग रस्त्याच्या कडेस जो बैसला तो बैसलाच, आणि बैलगाडीत घालून वेशीवर आणिला तेव्हां गाडीचे बैलदेखील मान वळवून पाहात होते. महाराज मोठे मायाळू, परंतु त्या दिवशी बहुत रागावले आणि आज्ञा जाहली की, "येत्या साली काठी न आलियास जासुदांची तुकडी मोडावी, डाकेस घोडे घ्यावे, आणि नाइकासुद्धां सर्वांनी तबेल्यात लीद काढावी." खेत्रोजीचा बाप जासूद, आजा जासूद, आणि घोड्याची तर त्यास लहानपणापासून भीती, त्यास अन्न गोड लागेना.

मग लखमोजी म्हणोन एक वस्ताद दूर देशीहून बोलाविला. तो बारीक अंगाचा, तिरसट, पानाची पिंक टाकिल्याखेरीज वाक्य न संपविणारा. त्याने सर्वांस माळावर नेले आणि पाव कोसाचा फेरा आखिला आणि सांगितले की, एक फेरा पळावा, मग थोडे अंतर दुडक्या चालीने जावे, आणि दम जिरतो न जिरतो तों पुन्हा पळावे, ऐसे पंचवीस फेरे. आणि पहिला फेरा व शेवटला फेरा जुळे भाऊ दिसावेत. जासूद म्हणाले, "वस्ताद, किती जोरात पळायचं?" वस्तादाने पिंक टाकिली आणि म्हणाला, "फेरा संपला की उभ्या उभ्या बायकोचं नाव घ्यायचं, उखाण्यात. पुरं आलं तर चाल बरोबर. मधीच तुटलं तर जास्त पळालास." लग्न न जाहलेल्यांनी मनास येईल तिचे नाव घ्यावे ऐसे ठरले, आणि त्यापायी गावात दोन लग्ने जमली व एक मोडले, परंतु तो विषय वेगळा.

ही वार्ता वाड्यात गेली, आणि महाराजांस मौज वाटोन खासा स्वारी माळावर आली, आणि शामियाना उभा राहिला, आणि सरदार, मानकरी, आश्रित, सर्व गाद्या टाकोन बैसले. महाराजांचे मन उदार. त्यांनी जाहीर केले की, "जो फेरा सर्वांपुढे पुरा करील त्यास फेऱ्यागणिक एक शेला." मग काय विचारावे! खेत्रोजी नाईक, त्याने महाराजांसमोर मागे कैसे राहावे? तो ऐसा सुटला की धूळ खाली बसेना, आणि शेला पटकाविला, आणि उखाणा घेऊ लागला, "तव्यावरची भाकर..." आणि तेथेच दम संपला. शामियान्यातून कोणी ओरडले, "नाईक, भाकर करपली." सर्व हासले, महाराज पोट धरोन हासले, आणि खेत्रोजीही मान खाली घालोन हासला. ऐसे रोज घडो लागले. दहा-बारा फेऱ्यांत सर्वांच्या पायांची लाकडे होत, आणि उरलेले फेरे रडतखडत पडत. वस्ताद शामियान्याकडे पाठ करोन बैसो लागला. राजास बोलावे तरी काय बोलावे.

एके दिवशी खेत्रोजी शेल्यांचे गाठोडे घेऊन घरी आला. त्याची बायको सगुणा भाकरी थापीत होती. तिने गाठोड्याकडे पाहिले नाही. म्हणाली, "अवं, समदा गाव सांगतोय, पंचवीस फेऱ्यांत माजं नाव एकदाबी पुरं आलं न्हाई. शेलं तेवढं आलं."

खेत्रोजी म्हणाला, "म्हाराज बघत्यात, सगुने. पाय ऐकत न्हाईत."

"मग म्हाराजास्नीच न्या की तेरा कोस." ऐसे म्हणोन तिने भाकरी उलथिली.

खेत्रोजीस ते फार लागले. दुसरे दिवशी तो महाराजांसमोर मागे राहिला, पाचवा, सहावा, कधी आठवा, आणि दर फेऱ्यास खणखणीत म्हणाला, "तव्यावरची भाकर फुगली टम्म, सगुनाचं नाव घेतो, लागला न्हाई दम." पंचवीस फेरे, पंचवीस भाकरी, सर्व टम्म. वस्ताद प्रथमच वळोन बैसला. परंतु महाराजांचे तोंड उतरले आणि ते बोलिले, "नाईक, छातीत वारा उरतो, म्हणजे पायांत कसर ठेविता." खेत्रोजी "जी महाराज" म्हणाला. त्याच सायंकाळी महाराजांनी तबेल्यावर नवे छप्पर घालावयास सांगितले, आणि माळावर जाता येता खेत्रोजीस ते रोज थोडथोडे वाढलेले दिसे. तरी त्याने चाल बदलिली नाही.

मग शर्यतीचा दिवस आला. पलीकडील राज्याचा तुळाजी, उंच, बगळ्यासारखा, प्रथमपासून पुढे. महाराजांस घरी बसवेना. ते मायेने अर्ध्या वाटेवर ओढ्याकाठी जरीचा शेला हाती धरोन उभे राहिले. तो दिसताच आपल्याकडील दोघे जासूद बाणासारखे सुटले, आणि एकास शेला मिळाला, आणि तो शेला पांघरोन थोडे पुढे बाभळीखाली बैसला, आणि दुसरा त्यास वारा घालीत बैसला. मागोन खेत्रोजी आला. महाराजांनी त्याजकडे थेट पाहिले. त्याचे पाय आपोआप सुटो पाहात होते, डोळ्यांपुढे तबेल्याचे छप्पर दिसत होते, परंतु त्याने नजर वाटेवर ठेविली आणि भाकरीचा उखाणा पुरा म्हटला, आणि तैसाच पुढे गेला. महाराजांनी मुख फिरविले.

अकरा कोस सरले, आणि मागील सालची ती कड आली, आणि खेत्रोजी बैसला नाही. शेवटल्या कोसास त्याने तुळाजीस गाठिले. दोघे खांद्यास खांदा. तेव्हां खेत्रोजीने पाहावे म्हणोन उखाणा म्हटला. आवाज थोडा फाटला, परंतु सगुणेचे नाव सबंध आले. तुळाजीही ईरेस पेटला आणि म्हणाला, "ताटात वाढली मेथीची भाजी..." आणि मेथी ताटातच राहिली, त्याच्या बायकोचे नाव या बखरकारास आजतागायत कळले नाही. खेत्रोजीने जाणिले की आता राखावयाचे काही नाही, आणि जो सुटला तो वेशीत शिरोन थांबला.

वाद्ये वाजली, काठी आली, महाराजांनी सर्वांदेखत त्यास पोटाशी धरिले आणि म्हणाले, "माग, नाईक. गाव माग, वतन माग."

खेत्रोजीने मुजरा केला. मग हात जोडोन म्हणाला, "महाराजांनी माळावर येऊ नये."

महाराजांनी हळू विचारिले, "आमचे काय चुकले?"

"काही नाही, महाराज. आपण बघता तेव्हां पाय आमचे राहात नाहीत. आपले होतात."

महाराजांच्या डोळ्यांस पाणी आले. म्हणाले, "मग सकाळी आम्ही जावे कोठे? आम्हांस तेथे बहुत बरे वाटत होते." खेत्रोजीसही वाईट वाटले, परंतु त्याने मागणे मागे घेतले नाही, आणि महाराजांनी ते दिले.

तात्पर्य, तुकडी राहिली, घोडे आले नाहीत, आणि शामियाना उतरला. बखरकार पुढे लिहिण्याजोगे काही मिळेल म्हणोन माळावर जाऊन बैसला होता. तेथे कोणी हासत नाही, कोणी शेला देत नाही, फेऱ्यामागोन फेरा एकसारखा पडतो आणि बायकांची नावे सबंध ऐकू येतात. सबब काही घडत नाही, आणि राज्याचे बरे चालले आहे. लेखनसीमा.