चिमणीची झोप आणि नवे शॉकअप

चिमणी दुपारी फक्त गाडीत झोपायची. पाळणा, मांडी, खांदा, अंगाई हे सगळे उपाय तिने वर्षाची व्हायच्या आतच नापास करून टाकले होते. तिची आई मोठ्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ होती. दांडगे दांडगे पेशंट ती दहा आकडे मोजायच्या आत झोपवायची. घरची सव्वाआठ किलोची पेशंट मात्र दाद देत नव्हती. शेवटी हे खातं आजोबांकडे आलं. जेवणं झाली की ते नातीला मागच्या सीटवर तिच्या छोट्या खुर्चीत बसवत आणि वसाहतीला दोन फेऱ्या मारत. दुसऱ्या फेरीत पाण्याच्या टाकीपाशी चिमणीची मान कलायची.

येत्या सोमवारी सूनबाई पुन्हा कामावर रुजू होणार होती. पण अट होती.

"बाबा, ही दुपारी झोपली तरच हं. नाही झोपली तर संध्याकाळी घर डोक्यावर घेते. मग मला रजा वाढवावी लागेल, आणि रुग्णालयवाले माझी जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाकतील."

"तू निश्चिंत जा," आजोबा म्हणाले. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं. जेवणाच्या सुट्टीनंतर अख्खा वर्ग झोपवण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता.

घरातलं काही सुरळीत चाललं की कुणाची तरी माया उतू जाते. इथे चिरंजीवांची गेली. बुधवारी तो चिमणीशेजारी बसून फेरीला गेला आणि घाबरून परत आला.

"बाबा, ही गाडी आहे की होडी? एका गतिरोधकावर चार वेळा खालीवर होते! शॉकअप पार गेलेत. पोरीच्या मानेचं काय होईल?"

आणि गुरुवारी सकाळी त्याने परस्पर गाडी नेऊन चारही शॉकअप आणि स्प्रिंगा बदलून आणल्या. साध्या नव्हेत, शर्यतीच्या गाड्यांना लावतात तसल्या, लालभडक.

"अरे, तिला झोपायचंय. शर्यत नाही जिंकायची."

"बाबा, क्वालिटी आहे. बसून तर बघा."

आजोबा बसले. फाटकाबाहेरच्या गटाराच्या झाकणावरून गाडी गेली आणि त्यांची वरची कवळी खालच्या कवळीवर खाडकन आपटली. पुढे चाकाखाली कुणीतरी टाकलेली काडेपेटी आली, तीही त्यांना मणक्यात कळली. आत काड्या किती होत्या एवढंच कळायचं राहिलं. टाकी आली, गेली, पुन्हा आली. चार फेऱ्या झाल्या तरी चिमणीचे डोळे टक्क उघडे. संध्याकाळी तिने घर डोक्यावर घेतलं. सूनबाईने तिला तशीच उचलली आणि नवऱ्याच्या मांडीवर नेऊन ठेवली.

आजोबा डगमगले नाहीत. "एका वेळी एकच बदल करायचा," ते मुलाला म्हणाले, "म्हणजे कशानं फरक पडला ते कळतं." शुक्रवारी त्यांनी टायर तपासले. हवा दगडासारखी भरलेली होती, ती बेताची केली. आता काडेपेटी कळेना, पण झाकण कळतच होतं. चिमणी जागीच.

शनिवारी त्यांनी शॉकअप बसवणाऱ्या गॅरेजच्या वस्तादला फोन लावला. वस्ताद त्यांचाच जुना विद्यार्थी.

"सर, त्या स्प्रिंगा वजनाला बनवल्यात. रिकाम्या गाडीत कडकच लागणार. वजन टाका मागं, मऊ पडेल."

वजन शेजारीच राहत होतं. वकीलसाहेब चांगले शंभराच्या वर भरायचे.

"वकीलसाहेब, अर्धा तास मोकळे आहात?"

"प्रकरण काय आहे, मास्तर?"

"काही नाही, गाडीत बसायचं."

"कुणाच्या बाजूनं?"

"डाव्या."

गाडी खरंच थोडी मऊ पडली. टाकीपाशी घोरण्याचा आवाज आला आणि आजोबांनी हर्षाने मागे वळून पाहिलं. वकीलसाहेब झोपले होते. चिमणी त्यांच्या उघड्या तोंडात बोट घालायला बघत होती.

रविवारी सकाळी सूनबाई फोन हातात घेऊन उभी राहिली. "बाबा, उद्या रुजू होणार की नाही ते मला आज चारपर्यंत रुग्णालयात कळवायचंय."

गॅरेज रविवारी बंद असे, पण सरांसाठी वस्तादने शटर वर केलं. आजोबा वाकून गाडीखाली बघत राहिले.

"चाकाचे दांडे जिथे बसतात, तिथे रबराचे बुश असतात ना? त्यांचे बोल्ट केव्हा आवळलेस? चाकं जमिनीवर असताना की लोंबकळत असताना?"

"लिफ्टवरच की, सर. उभं राहून करता येतं."

"आणि गाडी खाली उतरवल्यावर रबराचं काय झालं?"

पन्नाशीचा वस्ताद आठवीतल्यासारखा डोकं खाजवू लागला. आजोबांनी प्रेमाने त्याचा कान धरला आणि थोडा पिळला.

"असा पिळलेला कान घेऊन दिवसभर काम करशील?"

"नाही सर."

"रबराचंही तेच. लोंबत्या चाकावर बोल्ट आवळलास, मग गाडीचं वजन आलं आणि रबर पिळलं गेलं. आता ते मोकळेपणी हलणार कसं? बोल्ट सैल कर, गाडी तिच्या पायावर उभी कर, आणि मग आवळ."

चिरंजीव शेजारीच होता. आपले दोन्ही हात कानांवर गेल्याचं त्याच्या नंतर लक्षात आलं.

दुपारी तीनला गाडी तयार झाली आणि चिमणीला मागे बसवून बापलेक फेरीला निघाले. खरोखर लोण्यासारखी चालत होती. झाकण आलं कधी न् गेलं कधी, कळलं नाही. वस्तादने डॅशबोर्डवर ठेवून दिलेला काठोकाठ चहा सांडला नाही. आणि चिमणी? तिला आता खिडकीबाहेरचं सगळं स्थिर आणि स्वच्छ दिसत होतं. तिने कुत्रा पाहिला, सायकल पाहिली, टाकी पाहिली आणि प्रत्येकाला ओरडून हाक मारली.

साडेतीनला ते पडल्या चेहऱ्याने गॅरेजात परतले.

"जुने शॉकअप दे बाबा परत," आजोबा म्हणाले. "त्या होडीतच ती झोपत होती."

"ते कालच भंगारात गेले, सर. पण आता काय कमी आहे? बघा की!" वस्ताद दुखावला होता. त्याने पुढचा बंपर धरून गाडी दाबली, सोडली, पुन्हा दाबली. "कशी जाते बघा! मागून दाब रे, साहेब!"

"दाबतोय की!" चिरंजीव मागून ओरडला. "पण मागं अजून कडकच आहे."

"कडक? जोर लाव, जोर!"

दोघे इरेला पेटले. पुढून एक, मागून एक, गाडी दाबत आणि भांडत राहिले. आजोबांनी खिडकीतून सहज आत पाहिलं आणि एकदम दोन्ही हात वर केले.

"थांबू नका!" ते कुजबुजले. "भांडण थांबवा. दाबणं थांबवू नका."

चिमणीची मान कलली होती. चारला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी सूनबाईला फोन केला.

सोमवारी दुपारी दोन वाजता रुग्णालयातून फोन आला. "बाबा, झोपली?"

"गाढ."

"गाडीत?"

"गाडीतच."

"किती फेऱ्या लागल्या?"

आजोबांनी पुढच्या बंपरवरचा हात काढून कपाळावरचा घाम पुसला. गाडी अंगणातच उभी होती, खिडक्या उघड्या टाकून.

"एकही नाही," ते म्हणाले.

मागच्या बंपरवर वकीलसाहेबांनी पुन्हा भार टाकला. "मास्तर," ते धापा टाकत हळूच म्हणाले, "ह्या कडक स्प्रिंगा नसत्या, तर हे काम एका माणसात झालं असतं. नाही?"