तांदळाच्या डब्यातला तारा

महिपती खरातला जाग आली ती घरातल्या शांततेनं. दिवाळीतली सकाळ, पावणेसात वाजलेले, आणि स्टोव्हचा आवाज नाही, भांड्यांचा नाही, मुख्य म्हणजे त्याच्या आईचा, जनाबाईंचा नाही. जन्मल्यापासून बत्तीस वर्षांत असं घडलं नव्हतं. तो उठला, तांदळाच्या डब्याचं झाकण काढलं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि तसाच उभा राहिला. डब्यात तांदूळ होते. नुसतेच तांदूळ होते.

आता भला माणूस उठल्या उठल्या तांदळात हात का घालतो, ते सांगायला हवं.

महिपती मुंबईतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत टेक्निशियन होता. तिथलं एक उंचच उंच यंत्र कार्बनचे अणू भरधाव सोडतं आणि समोरच्या कार्बनच्या पापुद्र्यावर आदळवतं. कशासाठी? तर काही तारे म्हातारपणी फुटतात, आणि फुटताना त्यांच्या पोटात कार्बनवर कार्बन आपटूनच भडका उडतो. तिकडे जाऊन बघायची सोय नाही. म्हणून तीच आपटाआपटी इथं, थोडी थोडी, मोजून मापून करायची. दिवसभरात दहा-बारा नेमक्या टकरा हाती लागल्या तरी डॉक्टर वृंदा मॅडम खूश. त्यांचा यंत्रावर नंबर लागायला आठ महिने गेले होते. येत्या गुरुवारपासून तीन दिवस मिळाले होते. ते हुकले तर पुढचा नंबर पुढच्या वर्षी, आणि मॅडमच्या कामाची मुदत तर मार्चमध्येच संपत होती.

तो पापुद्रा करायचं काम महिपतीचं. काचपट्टीला साबणाचा पुसटसा हात द्यायचा, हवा काढून घेतलेल्या हंडीत कार्बनची वाफ करायची, की काचेवर धूर बसल्यासारखा तपकिरी थर येतो. मग काच हळूच पाण्यात तिरकी बुडवली की थर सुटून वर तरंगतो. समोर उभं राहून जोरात श्वास सोडला तरी फाटतो. आणि बोट लागलं की संपलंच. बोटाच्या तेलात हायड्रोजन असतो, तो मोजणीत घुसला की ताऱ्याऐवजी भलतंच काहीतरी दिसायला लागतं. मॅडम म्हणायच्या, "महिपती, एका ठशात अख्खा तारा बुडतो हं."

दिवाळीत प्रयोगशाळेचे एसी बंद राहणार होते. समुद्रकाठची ओल लागून थर आपोआप सुटले असते. तेव्हा महिपतीनंच छातीवर हात मारून सांगितलं होतं, "मी घरी नेतो, मॅडम. तांदळाच्या डब्यात ठेवतो. तांदळाइतकं कोरडं जगात काही नाही." दहा काचांची डबी त्यानं लोकलमधून मांडीवर धरून अंबरनाथला घरी आणली. कल्याणला शेजारचा गृहस्थ शिंकला, तेव्हा त्यानं ती छातीशी धरली होती.

आणि आता ती डबी जागेवर नव्हती.

तेवढ्यात गच्चीवरून आईचा आवाज आला. "उघड्या डोळ्यांनी बघू नका हां कुणी! काचेतूनच बघा! सरकारी काचा आहेत!"

महिपतीनं कॅलेंडरकडं पाहिलं. आज चोवीस ऑक्टोबर, साल पंच्याण्णव. सूर्यग्रहण! "आई, तुला लॅबमधून काळ्या काचा आणतो," असं महिनाभरापूर्वी त्यानंच कबूल केलं होतं आणि साफ विसरून गेला होता. जनाबाई विसरल्या नव्हत्या. काल तांदूळ काढताना डबी हाताला लागली, उघडली, तर आत धूर धरलेल्या दहा काचा. पोरगं तोंडानं बोलत नाही पण शब्दाला जागतं, या विचारानं त्यांचे डोळे भरून आले होते.

जनाबाई छप्पन साली आईबापांचं बोट धरून नागपूरला दीक्षेला गेलेल्या. ग्रहणात दारंखिडक्या लावून बसायचं, रांधलेलं अन्न फेकायचं, याची त्यांना मनस्वी चीड. महिनाभर चाळीत दारोदार जाऊन त्यांनी सांगितलं होतं, "सावली पडते सावली! कोण कुणाला गिळत नाही. बिनधास्त बघा." आणि आता पोरानं काचाही आणून दिल्या म्हटल्यावर काय!

महिपती तीन-तीन पायऱ्या गाळत गच्चीवर गेला. "आई, काचा कुठायत?"

"वाटल्या."

"वाटल्या?"

"मग काय करू? आपण दिवाळी करत नाही, पण माणसं फराळाची ताटं देऊन जातातच ना? रिकामं ताट परत कसं करायचं? ठेवली एकेका ताटात एकेक काच."

"अगं, ते लॅबचं सामान होतं! गुरुवारी मॅडमना न्यायचंय! आणि त्या काचेतून सूर्य बघायचा नसतो. नावाला थर आहे तो. ऊन सरळ आत शिरेल, डोळे जातील लोकांचे!"

"मग आणल्यास कशाला?"

"ताऱ्याचं काम आहे ते!"

"सूर्य काय, तारा नाही?"

महिपतीनं घड्याळ पाहिलं. सात वाजून गेले होते आणि ग्रहण लागायला जेमतेम पंधरा मिनिटं होती. "आई, सगळ्यांकडून परत घे."

जनाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "मी? दिलेलं परत मागू? आणि ती खालची गोजरबाई काय म्हणेल? ग्रहणाची वेळ झाल्यावर टरकली जनाबाई, असं गावभर करेल. मी नाही मागणार. डोळे वाचवायचेत ना? मग दुसरं काहीतरी दे त्यांना बघायला."

आईचं म्हणणं खरं होतं, हीच तर पंचाईत होती. महिपतीनं क्षणभर डोकं खाजवलं. "बरं. तू पिठाची चाळणी घेऊन ये."

चाळणी उन्हात धरली की प्रत्येक भोकातून सूर्याची एकेक चिमुकली प्रतिमा भिंतीवर पडते, हे त्याला ठाऊक होतं. टाकीच्या पांढऱ्या भिंतीवर त्यानं शेकडो सूर्य पाडून दाखवले आणि जाहीर केलं, "काचेतून कुणी बघू नका, डोळ्यांना धोका आहे! काच द्या, चाळणीतला सूर्य बघा!"

ऑर्डनन्समधून रिटायर झालेल्या दौलतरावांनी पहिली काच दिली. ती लख्ख होती, पलीकडचं सगळं दिसत होतं. "अरे, किती घाण होती! रॉकेल लावून साफ केली. सरकारी माल असाच, पुसायचं नाव नको."

बनूबाईंची काच उलट काळीकुट्ट होती. "फिक्कट वाटली रे बाबा. म्हणून मेणबत्तीवर धरून अजून धूर दिला."

तळमजल्यावरचे किराणावाले टहलराम जिना चढून आले ते डोळ्यांवर काहीतरी चढवूनच. मूळचे उल्हासनगर कॅम्प चारचे. त्यांच्या हाती वस्तू पडली आणि तिचं दुसरं काही झालं नाही, असं कधी घडत नसे. दोन ताटं दिल्यानं मिळालेल्या दोन्ही काचा पुठ्ठ्यात फेविकॉलनं पक्क्या डकवून, मागं पायजम्याचं इलॅस्टिक लावून त्यांनी गॉगल केला होता.

"देख महिपतभाई, कसा फिट केला! कॅम्प चारला नुसता दाखव, ऑर्डर लागेल!"

"सेठ, काढा तो. काचा पाहिजेत."

"काढू कसा? मी बनवलेला माल तुटत नाय रे साईं!"

आणखी पाच काचा आल्या. कुणी ओढणीनं पुसलेली, कुणी तळलेल्या चकलीच्या हातानं धरलेली. एकीवर तर कुणीतरी ओळखीसाठी हळदीचं बोट लावलं होतं. नऊ काचा झाल्या आणि नऊच्या नऊ वाया गेलेल्या. भिंतीवर शेकडो सूर्य एका बाजूनं कुरतडले जाऊ लागले, गच्ची "आई गं, बघ बघ!" करून ओरडली, पण महिपतीला त्यात काही गोडी वाटेना. गुरुवारी मॅडमसमोर कुठल्या तोंडानं उभं राहायचं? आठ महिने वाट बघितलेली बाई. 'तांदळात ठेवतो' म्हणून ऐटीत सांगितलं कुणी? आपणच.

"दहावी कुणाकडं?" त्यानं विचारलं.

जनाबाईंनी चाळणी दौलतरावांच्या हातात दिली आणि हळू आवाजात म्हणाल्या, "गोजरबाईच्या सुनेला दिली. खिडकीतून. सासूनं बघितलं मात्र."

गोजरबाई तळमजल्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहायच्या. माहेर बदलापूरच्या पलीकडच्या खेड्यातलं, घरी भातशेती. सून अंजनी सात महिन्यांची गरोदर. गोजरबाईंनी पहाटेपासून तिला आत बसवून दार लावलं होतं, खिडकीला प्लायवूड ठोकलं होतं, आणि घरातली विळी-सुई-कात्री सगळी माळ्यावर टाकली होती. महिपतीनं दार वाजवलं.

"कोन?"

"काकी, मी महिपती. काच पाहिजे होती."

"ग्रान हाय. दार नाय उघडायची. घरात पोटुशी बाय हाय."

"काकी, माझी नोकरी हाय हो त्या काचेवर." इतकं काही नव्हतं, पण त्या घडीला त्याला खरंच तसं वाटत होतं.

आतून अंजनीचा आवाज आला. "घ्या ना हो आत्या त्यांना आत. दार लगेच लावून घेऊ."

दार वीतभर उघडलं. महिपती आत सटकला, पाठोपाठ जनाबाईही घुसल्या, आणि दार धाडकन बंद झालं. आत मिट्ट काळोख. फक्त समोरच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी, पेढ्याएवढा एक उजेडाचा ठिपका पडला होता. त्याचा अर्धा भाग लचका तोडल्यासारखा गायब होता.

महिपती बघतच राहिला. खिडकीच्या प्लायवूडला जुन्या खिळ्याचं एक भोक होतं. पूर्वेची खिडकी, गच्च अंधार आणि एकच बारीक भोक. वर गच्चीवरच्या चाळणीत दिसत होतं त्याच्या दहापट सुरेख ग्रहण या बंद खोलीत लागलं होतं.

अंजनी कॉटवर पाय पसरून, पोटावर हात ठेवून निवांत बसली होती. "मी सुरुवातीपासून बघतेय भाऊ," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आधी अख्खा गोल होता."

"काय बघतंस गो?" गोजरबाईंनी विचारलं. "तो त कवडसा हाय."

"काकी," महिपती म्हणाला, "हा कवडसा म्हणजेच..."

बोलता बोलता तो थांबला. अंजनी त्याच्याकडं नव्हे, जनाबाईंकडं बघत होती, हात जोडल्यासारखी. जनाबाईंनी तोंड उघडलं होतं. महिनाभर ज्या घटकेची वाट पाहिली ती घटका समोर भिंतीवर उभी होती. एक वाक्य टाकलं असतं तर गोजरबाई जन्मभर गप्प बसल्या असत्या. पण मग ते भोक लगेच बोळ्यानं बुजलं असतं, हेही त्यांना दिसत होतं.

"कवडसाच आहे," जनाबाई म्हणाल्या. "कवडसा बघायला काय हरकत आहे?"

"कवडश्याला काय व्हतंय?" गोजरबाई म्हणाल्या, आणि सुनेशेजारी कॉटवर टेकल्या. मग चौघंही त्या कवडशाची कोर होईपर्यंत बघत बसली. गोजरबाईंनी मध्येच कानाला हात लावून नमस्कार केला. कवडशाला नमस्कार का करता, असं कुणी विचारलं नाही.

"आणि काच, काकी?" महिपतीनं शेवटी भीत भीत विचारलं.

"ती? ग्रानाची वस्तू! तिला हात लावल कोन?" गोजरबाई फणकारल्या. "चिमट्यानं उचलली, लोनच्याच्या रिकाम्या बरनीत ठेवली, घट झाकन लावलं आनी वर तुळशीचं पान. सुनेला सांगितलं, तिकडं बघू पन नको."

महिपतीनं ती काचेची बरणी उचलून त्या कवडशात धरली. आतल्या काचपट्टीवर तपकिरी थर जसाच्या तसा होता. ठसा नाही, ओरखडा नाही, ओल नाही. त्याला रडूच आलं, आणि अंधार आहे याचं फार बरं वाटलं.

गुरुवारी त्या एका काचेतून चार पापुद्रे सुटले. लागतही चारच होते. एक फाटता तर सगळं मुसळ केरात गेलं असतं, म्हणून वृंदा मॅडमसह तिघं जण तोंडावर रुमाल धरून उभे होते. तीन दिवस यंत्र चाललं. मोजणी इतकी स्वच्छ आली, की मॅडमनी आकड्यांचा कागद दोनदा खिडकीपाशी नेऊन पाहिला.

"असा थर मी आजवर पाहिला नाही, महिपती. बाकीच्या नऊ काचांचं काय झालं ते नंतर विचारते. ही कशी ठेवली होती, ते आधी रजिस्टरमध्ये लिहा."

महिपतीनं पेनाचं टोपण बराच वेळ चावलं आणि लिहिलं: 'कोरडी, घट्ट झाकणाची बरणी. हाताळणी फक्त चिमट्याने. पूर्ण अंधार. माणसांची ये-जा बंद.'

"उत्तम," मॅडम म्हणाल्या. "आता सगळ्या काचा याच पद्धतीनं, त्याच जागी ठेवत जा."

त्या संध्याकाळी महिपती लोणच्याची बरणी परत द्यायला गेला. रिकामी कशी द्यायची, म्हणून जनाबाईंनी ती तांदळानं भरली होती. गोजरबाई ओट्यावर बसल्या होत्या, भलत्याच खुशीत.

"काकी, आमच्या मॅडमना तुमचं काम फार आवडलं. अजून दहा काचा ठेवाल का तुमच्याकडं?"

"आन की रं! त्यात काय?" गोजरबाई म्हणाल्या. "तवा ग्रान व्हतं म्हनून हात लावला नाय. आता सुटलंय. चांगल्या राखेनं घासून, पुसून ठेवीन बघ."