पटावर किती, हजर किती

तुमच्या डोक्यावर कोणी न विचारता हात ठेवला आणि "सतरा" म्हणून पुढे निघून गेलं, तर घाबरू नका. ते आमचे नवसू गुरुजी. आशीर्वाद देत नाहीत, मोजतात.

माझ्या पुतण्याच्या लग्नाला जव्हारहून नाशिकला वऱ्हाडाची बस निघाली, तेव्हा मी त्यांना मानाने पुढच्या बाकावर बसवलं होतं. ही माझीच चूक. बस सुरू होणार एवढ्यात गुरुजी उठले आणि एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत मागे मागे निघाले. माझ्या नणंदेने दीड तास पार्लरमध्ये बसून अंबाडा घालून घेतला होता. त्यात मोगऱ्याची वेणी, वर कसलीशी चमकी. गुरुजींचा पंजा बरोबर त्याच्यावर पडला. "बावीस." नणंद अजूनही तो विषय काढते आणि दर वेळी नव्याने चिडते.

"अहो, नुसतं डोळ्यांनी मोजा की!" असं मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर : "बाई, डोळ्याला जे माणूस वाटतं ते माणूस असतंच असं नाही. हात लावून मोजायचं."



गुरुजी मूळचे जव्हारजवळच्या वांगणीचे. त्याच पट्ट्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही अकरा वर्षं बरोबर शिकवलं. ते रिटायर झाले, मला अजून दोन वर्षं आहेत. जव्हारला आमची घरं शेजारी शेजारी, मध्ये फक्त निरगुडीचं कुंपण. सकाळी मी दात घासत बाहेर आले की कुंपणापलीकडून पहिला प्रश्न येतो, "बाई, पटावर किती, हजर किती?"

हे शाळेचं नाही हं, माझ्या घराचं. तोंडात पेस्टचा फेस असताना मला हिशेब द्यावा लागतो : पटावर तीन, मुलगा पुण्याला, मी इथे, हे झोपलेत.

"झोपलेले हजर धरायचे," गुरुजी सांगतात आणि शांत होतात. दहा मिनिटांपुरते.

मोखाड्याच्या रस्त्यावरच्या एसटी कंडक्टरांना त्यांची सवय झाली आहे. बस चहाला थांबून निघताना कंडक्टर बेल मारायच्या आधी त्यांनाच विचारतो, "गुरुजी, किती?" नाहीतरी ते उठून मोजणारच, मग विचारलेलं काय वाईट.

एकदा आम्ही शाळेची सहल शिरपामाळला नेली. पोरं त्रेचाळीस. परत निघताना गुरुजींनी मोजली, चव्वेचाळीस भरली. पुन्हा मोजली, चव्वेचाळीस. मी म्हटलं, "कमी तर नाहीत ना? चला आता, ऊन उतरलं." माझ्याकडे असं बघितलं त्यांनी, जसं काही मीच कोणाला ढकलून दिलंय!

"बाई, कमी भरलं तर घाबरायचं. जास्त भरलं तर दुप्पट घाबरायचं. आपल्यात एक जास्त म्हणजे कुठंतरी कोणाचातरी एक कमी आहे."

आणि खरंच, पिकनिकला आलेल्या कुठल्याशा पाहुण्यांचा गोरागोमटा मुलगा आमच्या रांगेत उभा राहून मजेत चिक्की खात होता. तिकडे त्याची आई त्याला हाका मारमारून रडकुंडीला आली होती. गुरुजींनी त्याला तिच्या हातात दिला, आणि मग तिच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "तुम्ही एकूण किती जण?"

ही हात लावायची भानगड काय आहे, ते मला त्यांच्या धाकट्या बहिणीने सांगितलं. सोनी आत्या. साखरशेतला दिलीय. बाजाराच्या दिवशी नाचणी घेऊन येते आणि माझ्या पायरीवर टेकते.

त्यांच्या लहानपणी घरातले सगळे दिवाळी झाली की जगायला जायचे. आमच्याकडे असंच म्हणतात, जगायला जाणं. भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर. पावसाच्या तोंडावर ट्रकमध्ये बसून परत यायचं. सामान, कोंबड्या, भांडी आणि माणसं, सगळी एकावर एक. घरात मोजता येणारे एकटे नवसू गुरुजी, कारण ते दोन वर्षं शाळेत गेले होते. वय नऊ. पहाटेच्या अंधारात ट्रक मनोरच्या नाक्यावर पाण्याला थांबला आणि निघताना बापाने सांगितलं, "नवशा, मोज." नवशाने मोजलं. नऊ. बरोबर. ट्रक सुटला.

जव्हारला उतरल्यावर बोचकं सोडलं, तेव्हा कळलं. चार वर्षांची सोनी कुत्र्याच्या पिल्लामागे नाक्यावर उतरली होती, आणि कोपऱ्यात गोधड्यांचं बोचकं उभं करून ठेवलेलं होतं.

"माज्या भावाना मना सोडून बोचका मोजला!" आत्या हे सांगते आणि पोट धरून हसते. पन्नास वर्षं हसतेय. दुसऱ्या दिवशी बाप तिला घ्यायला गेला, तर चहावाल्या बाईजवळ बसून ती चहात पाव बुडवून खात होती. "मना तर पाव मिळाला. ह्याला काय मिळाला? येड!"

मीही हसले. मग गुरुजींना विचारलं, बापाने मारलं असेल नाही? तर म्हणाले, "मारलं असतं तर बरं झालं असतं." आणि उठून निघून गेले.

गेल्या वर्षी या माणसाच्या पोटच्या पोरीने जर्मनीला जायचं ठरवलं.

कविता, एकुलती एक. नाशिकला नर्सिंग केलं, तिथेच नोकरी केली, ड्युटी सांभाळून जर्मन भाषा शिकली. परीक्षा पास झाली, तिकडच्या हॉस्पिटलचं पत्र आलं, व्हिसा आला. आणि मग ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकली. "बाई, बाबा हो म्हणत नाहीत. नाही पण म्हणत नाहीत. ते हो म्हटल्याशिवाय मी जाणार नाही. तुम्ही बोला ना."

गुरुजी हो-नाही करत नव्हते, नुसते विचारत होते. सकाळी, दुपारी, जेवताना.

"नेणारा मुकादम कोण?"

"मुकादम नाही बाबा. हॉस्पिटलच नेतंय."

"आणि परत कोण आणणार?"

"परत मी माझी येणार."

"गाडी मध्ये थांबते?"

"विमान, बाबा. दुबईला थांबतं."

"थांबतं म्हणजे? उतरवतात?"

"हो. तिथे दुसऱ्या विमानात बसायचं."

गुरुजींचा चेहरा पडला. "मग दुसऱ्यात बसल्यावर मोजतं कोण?"

त्या दिवसापासून ते धड जेवेनात. कविताचा तिकडच्या वॉर्डच्या मुख्य बाईंशी व्हिडिओ कॉल चालू होता, तर गुरुजी टॉवेल खांद्यावर तसाच टाकून मध्ये घुसले. "विचार त्यांना, पाळी बदलते तेव्हा मोजतात का?" कविताने बिचारीने विचारलं. मुख्य बाई हसून म्हणाल्या, हो, प्रत्येक पाळीला नावं वाचतो. कविताने मराठीत सांगितलं. गुरुजी माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "नावं वाचतात म्हणे. हात लावत नाहीत."

त्यांची काळजी मलाही लागली बघा. मी गॅस बंद केला का म्हणून तीनतीनदा उठायला लागले. पुण्याला मुलाला उगीचच फोन करायला लागले. तो म्हणाला, "आई, तुला काय झालंय?" मी म्हटलं, शेजार झालाय.

शेवटी एका संध्याकाळी मी गेलेच आणि गुरुजींना चांगलं फैलावर घेतलं. "सगळ्या तालुक्याला पोरी शिकवा म्हणून सांगत फिरलात. स्वतःची शिकली तर पाय ओढता? शोभतं का तुम्हाला?"

वहिनी, म्हणजे गुरुजींच्या मिसेस, दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. गुरुजींनी सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. मग म्हणाले, "बाई, मी तिला शिकवलं कशासाठी? आमच्यासारखं तिला जगायला जायला लागू नये म्हणून. ती शिकली, आणि निघाली कुठं? जगायलाच."

"हे निराळं आहे गुरुजी."

"ट्रकच्या जागी विमान. आणखी काय निराळं?"

 मी तावातावाने गेले होते, चपला घालून परत आले.

चार दिवसांनी कुंपणावरून आवाज आला. पट-हजर काही नाही. "बाई, शाळेतून एक कोरं हमी पत्रक आणाल का?"

हे हमी पत्रक म्हणजे जगायला जाणाऱ्या पोरांना आम्ही देतो ते कार्ड. जाल तिथल्या शाळेत दाखवा, ते पोराला वर्गात बसवून घेतील. गुरुजींनी आयुष्यात अशी ढिगाने भरली असतील. मला वाटलं, गावाकडचं कोणी पोर असेल. आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी कविता ते कार्ड घेऊन धावत आली. रडत होती की हसत होती, काही कळेना. गुरुजींच्या वळणदार अक्षरात भरलेलं. विद्यार्थ्याचे नाव : कविता. इयत्ता : शिक्षण पूर्ण. स्थलांतराचे ठिकाण : जर्मनी. परत येण्याचा महिना : जून. आमच्याकडे सगळ्या पोरांचा हाच महिना असतो. कोणत्या सालचा जून, ते मात्र लिहिलं नव्हतं. खाली शेरा : "वर्गात बसवून घ्यावे. जेवणात भात लागतो."

"बाबांनी सांगितलंय, मुख्य बाईंना दाखव," कविता म्हणाली. "बाई, हे हो झालं ना?"

"हो तर! याहून मोठं हो तुझ्या बापाकडून निघणार नाही," मी म्हटलं.

मुंबईच्या विमानतळावर आम्ही जीपने गेलो. ड्रायव्हर, गुरुजी, वहिनी, कविता, सोनी आत्या आणि मी. कवितासोबत जाणाऱ्या आणखी आठ मुली गेटजवळ उभ्या होत्या, कोणी नाशिकच्या, कोणी केरळच्या. गुरुजींनी आधी सगळ्या बॅगा दाबून पाहिल्या आणि बाजूला सारल्या. "बोचकी वेगळी, माणसं वेगळी." मग एकेकीच्या डोक्यावर हात. केरळच्या मुलीला वाटलं आशीर्वादच, तिने वाकून नमस्कार केला. मग काय, पुढच्या सगळ्याच वाकल्या. गेटवरचा शिपाई म्हणाला, "अंकल, आशीर्वाद देना है तो जल्दी दो."

"आशीर्वाद नहीं. गिनती," गुरुजी म्हणाले. आणि प्रत्येक मुलीकडून वदवून घेतलं, की दुबईला उतरल्यावर नऊ मोजायच्या आणि चढल्यावर नऊ मोजायच्या. हात लावून.

एका मुलीजवळ वजनाचा काटा होता. कविताची बॅग जास्त भरली. वहिनींनी दोन महिने बसून शिवलेली गोधडी आणि नाचणीचं पीठ बाहेर काढावं लागलं.  ओढणीत दोन्ही गुंडाळून त्यांनी गाठ मारली आणि ते बोचकं काखेत धरलं. कविता आत गेली. काचेपलीकडून हात हलवत राहिली, मग गर्दीत दिसेनाशी झाली. गुरुजी काचेला हात लावून उभे होते. मी त्यांना म्हटलं, चला. तीनदा म्हटलं.

 येताना संध्याकाळी ड्रायव्हरने मनोरच्या नाक्यावर चहाला गाडी थांबवली. त्याला बिचाऱ्याला काय माहीत? सोनी आत्या टपऱ्यांच्या रांगेकडे बघत राहिली, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. मी चहा अर्धाच ठेवून उठले.

पुन्हा गाडीत बसलो. ड्रायव्हर जव्हारचाच, त्याला गुरुजींची सवय ठाऊक. चावी फिरवायच्या आधी आरशात बघून त्याने विचारलं, "गुरुजी, किती?"

मला वाटलं, याच्या एक ठेवून द्यावी.

गुरुजी पुढच्या सीटवरून वळले. ड्रायव्हरच्या डोक्यावर हात, "एक." स्वतःच्या छातीवर, "दोन." वहिनी, "तीन." मी, "चार." त्यांचा हात गार पडला होता. सोनी आत्या, "पाच."

आत्याच्या पलीकडे खिडकीशी, सकाळी कविता बसली होती त्या जागी, वहिनींनी ते बोचकं ठेवलं होतं. गुरुजी अर्धे उठले, हात लांब केला आणि बोचक्यावर ठेवला. नीट, पंजा पसरून. त्यांनी तो उचललाच नाही.

"सहा," ते म्हणाले.

मी आत्याकडे पाहिलं. पन्नास वर्षं त्याच गोष्टीवर हसलेली बाई. तिने बोचकं ओढून मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी धरून बसली.

"पटावर सहा, हजर सहा," गुरुजी म्हणाले. "चल रे, सोड गाडी."