मन्मथअप्पांचा टीव्ही

नेकनूरच्या आमच्या गल्लीत मन्मथअप्पांचं किराणा दुकान आहे. तिथे काही मागितलं की ते आधी तुम्हालाच परत ऐकवलं जातं.

"दोन किलो साखर," मी म्हणते.

अप्पा गल्ल्यावर बसलेल्या आपल्या बायकोकडे, काकूंकडे, वळतात, तोंड भाकर खाताना उघडावं तसं उघडतात आणि म्हणतात, "साखर पायजे ताईला. दोन किलो."

काकू हातभरावर बसलेल्या असतात. मी काही कुजबुजलेली नसते. यादी करून घराबाहेर पडणाऱ्या माझ्यासारख्या बाईला यात किती वेळ जातो, ते मलाच माहीत. गल्लीतली पोरं अप्पांची नक्कल करतात. अप्पांना त्याचं काही नाही. ते नकलेचंसुद्धा काकूंना पुन्हा सांगतात.

दुसरं खूळ म्हणजे काहीही टाकायचं नाही. "चीज मरत न्हाई ताई, मानूस कट्टाळतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणून दुकानामागच्या खोलीत पाठीला भलंमोठं कुबड असलेला जुना कलर टीव्ही अजून शाल पांघरून बसलेला होता.

माझा कॉम्प्युटर भंगारात निघाला तो या टीव्हीमुळे वाचला. त्याचा मॉनिटर गेला होता, डबा चांगला होता. भंगारवाला दारात उभा असताना अप्पा मध्ये पडले.

"द्या मला. आपल्या टीव्हीला जोडू. रविवारी गिरजाचा फोन त्याच्यावर घ्यायचाय."

गिरिजा त्यांची एकुलती लेक, पुण्यात नोकरीला. ती व्हिडिओ कॉल करायची आणि काकू मोबाईल अप्पांच्या हातात देऊन, "तुमीच बोला, मला काम हाय," म्हणून उठायच्या. एवढ्या लांब गेले म्हणून आई रागावली, अशी पोरीची समजूत. मागच्या खेपेला ती म्हणाली होती, "येत्या रविवारी आई बोलली नाही, तर मी पुन्हा फोन करणार नाही." हे मला अप्पांनीच सांगितलं. काकूंना राग कसला, ते मात्र सांगेनात.

बीडहून अप्पांनी कॅमेरा आणला आणि कॉम्प्युटरचं चित्र टीव्हीला कळेल असं करणारी एक छोटी डबी. टीव्हीच्या पाठीत पिवळी, पांढरी, लाल अशा तीन पिना खोचल्या आणि मोबाईलला वायर लावून नेट घेतलं. चित्र आलं, पण चारी बाजूंनी कापलेलं. सुरू करायचं बटण कडेच्या पलीकडे. अप्पांनी टीव्हीच्या बाजूला गाल टेकवून आत डोकावून पाहिलं.

"हितंच कुटंतरी असल की."

मी सेटिंगमध्ये जाऊन चित्र आवळलं. तरी अक्षरं भिजलेल्या पोह्यांसारखी फुगलेली.

"अप्पा, यावर वाचता काही येणार नाही."

"वाचायचंय कुनाला? तोंड दिसलं म्हंजे झालं."

पण कॅमेऱ्यातलं आमचं तोंड काळं-पांढरं दिसत होतं. मी म्हटलं, चालेल. अप्पा अडून बसले. "कलर टीव्ही हाय. ओठ न् गाल एकच दिसायलेत. न्हाई चालनार." रविवार उजाडला तरी तेच. फोनची वेळ होत आली. शेवटी डबीच्या कडेला नखाएवढी एक कळ दिसली. ती मी पलीकडे सरकवली आणि पडद्यावर रंग भरले. अप्पा मटकन पोत्यावर बसले.

फोन वाजला. गिरिजाचा चेहरा परातीएवढा समोर आला.

"आई, जेवलीस का?"

अप्पांनी सवयीने काकूंकडे वळून तोंड उघडलं. पण काकू केव्हाच बोलू लागल्या होत्या.

"जेवले की. तुजा गळा कावून ओका? माळ कुटं गेली?"

पोरगी हसायला लागली, मग रडायला. अप्पांचं तोंड उघडंच राहिलं, मग हळूच मिटलं. ते उठून दुकानात आले. मीही मागे आले.

"दोन वरसं झाली," ते तराजू पुसत म्हणाले, "तिला ऐकू येईना. ओठ बघून समजून घेती. मोबाईलात ओठ केवढे? गव्हाएवढे. कुनाला सांगू नगा म्हनली, लेकीला तर मुळीच न्हाई. उगी काळजी करत बसल. म्हनून मी आपला बोलतोय, येड्यावानी."

दोन किलो साखर माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

आतून काकूंचा आवाज चढला, हसणं आलं. नेमकं तेव्हाच एक गिऱ्हाईक आलं. अप्पांना जागा सोडता येईना आणि त्याच्या चालू मोटारसायकलच्या फटफटीत ऐकूही येईना. त्यांनी मान उंचावून विचारलं, "काय म्हनती गिरजा?"

मी दारातून आत कान दिला. मग वळले, अप्पांकडे नीट तोंड केलं आणि म्हणाले,

"दिवाळीला येते म्हणते. दिवाळीला."