वेंडेल लाहतीची फ्लोरिडाची रजा

"आधी चष्मा शोध, मग पेन शोध, मग मला हाक मार."

ज्युडिथचा हा आवाज सव्वीस वर्षांपूर्वीचा. लग्नानंतरचा पहिला नोव्हेंबर, स्वयंपाकघरातलं टेबल आणि टेबलावर टपाल खात्याच्या आरोग्य विम्याचे कागद. वेंडेल लाहतीने चष्मा शोधला, पेन शोधलं, हाक मारली आणि पुढची बावीस वर्षं विम्याची एक ओळ वाचली नाही. ज्युडिथ वाचायची, ज्युडिथ खुणा करायची, तो तिने दाखवलेल्या रेघेवर सही करायचा. नंतरची चार वर्षं कोणीच काही भरलं नाही. आपण काही केलं नाही तर जुनीच योजना आपोआप पुढे चालू राहते, ही त्या विम्याची मेहेरबानी. कारण चार वर्षांपूर्वी ज्युडिथ घर सोडून डुलुथ शहरात निघून गेली होती आणि तामारॅक पॉइंट गावात वेंडेलने हे एकालाही सांगितलं नव्हतं.

कुणी विचारलं तर तो सांगे की तिची बहीण आजारी आहे, ती तिकडे गेलीय. पुढे बहिणीचा आजार फारच लांबला, तेव्हा तो सांगू लागला की ती येऊन जाऊन असते, कालच आली होती, उशिरा. मग सवयच लागली. ज्युडिथने तुम्हाला विचारलंय, असं तो आठवड्यातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगायचा. बेकरीतून मांसाच्या दोन गरम करंज्या घ्यायचा, एक रात्री खायचा, दुसरी सकाळी. पोस्टमनला अख्ख्या गावाची बित्तंबातमी असते. पोस्टमनची बातमी पोस्टमनलाच ठेवावी लागते.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ज्युडिथचं पत्र आलं. शाळेच्या ग्रंथालयात तिला कायमची नोकरी लागली होती, तिचा विमा आता तिकडून होणार होता. "या वर्षी तुझ्या कागदावरून माझं नाव काढ," असं तिने लिहिलं होतं आणि खाली, गुडघ्याला जप.

नाव काढायचं म्हणजे एका चौकोनातली फुली दुसऱ्या चौकोनात न्यायची. 'स्वतः आणि आणखी एक' इथून 'फक्त स्वतः' इथे. बोटभर अंतर. वेंडेल रोज एकशे चार मैल गाडी हाकायचा, पण त्या बोटभर अंतरापाशी त्याची गाडी बंद पडली.

विम्याची दरवर्षीची नोंदणी नोव्हेंबरच्या मध्याला सुरू होते. तेव्हा पोस्टात मधल्या सुट्टीत दुसरा विषय नसतो. कॉफीच्या यंत्राभोवती माहितीपुस्तकं पसरतात, कुणाचे दात, कुणाचा चष्मा, कुणाच्या बायकोची पाठ, सगळं चव्हाट्यावर येतं. तिथे हमखास विचारतील, तू आणि ज्युडिथ काय घेताय या वर्षी? तेव्हा वेंडेलने ठरवलं की यंदा तयारी लवकर करायची. ऑक्टोबरातच पुस्तकं मागवायची, वाचायची, ठरवून टाकायचं आणि नोंदणीच्या पहिल्याच पहाटे गुपचूप फुली हलवायची. हे संगणकावर बघता आलं असतं, पण पोस्टातला संगणक सगळ्यांचा होता आणि घरातला ज्युडिथने नेला होता.

त्याने तीन विमा कंपन्यांना फोन केले. तिसरीकडच्या बाईने विचारलं, किती जणांसाठी? तो हळूच म्हणाला, एक. तिला ऐकू गेलं नाही. तो पुन्हा म्हणाला, तिने पुन्हा विचारलं. शेवटी रिकाम्या घरात उभं राहून त्याने "एक!" असं मोठ्याने सांगितलं आणि स्वतःच दचकला. बाई मात्र खूश झाली. म्हणाली, आमची पाकिटं हरवत नाहीत, आत काय आहे ते बाहेरच ठळक छापलेलं असतं. 'एकट्या सदस्यासाठी खास योजना.'

वेंडेलने फोन ठेवला आणि त्याला बर्नाडीन आठवली.

तामारॅक पॉइंटच्या पोस्टात टपाल वाटायच्या दोनच फेऱ्या. तळ्याकाठची वेंडेलची, गावातली बर्नाडीन सीरची. वेंडेलचं घर गावात, म्हणजे त्याचं टपाल रोज बर्नाडीनच्या हातातून जायचं. तेहतीस वर्षं नोकरी झालेली, कमी बोलणारी, उंच बाई. ते ठळक पाकीट तिच्या कप्प्यात पडलं की संपलंच.

यावर त्याला जो उपाय सुचला, तो फक्त टपालवाल्यालाच सुचू शकतो. त्याने स्वतःच्याच घराचं टपाल दोन आठवडे रोखून ठेवण्याचा अर्ज भरला. लोक गावाला जाताना भरतात तो. रोखलेलं टपाल पोस्टातच एका टबमध्ये साठतं. वेंडेल सगळ्यांच्या आधी, पहाटे साडेसहाला कामावर येई. टबमधून आपलं पाकीट आपणच उचलायचं, कुणाला पत्ता नाही.

पण अर्ज पोस्टमास्तरीणबाईंच्या टेबलावरून जातो, हे तो विसरला. ग्लेना ट्रास्क त्याला मुलगी शोभेल एवढ्या वयाची, बदलून येऊन आठ महिने झालेली, आणि माणसांच्या आनंदात आनंद मानणारी होती. ती अर्ज फडकवत बाहेर आली.

"वेंडेल, बोलला नाहीत. कुठे निघालात दोघं?"

वेंडेलच्या हातात तेव्हा तळ्याकाठच्या मिसेस ओडगार्डचं पोस्टकार्ड होतं. त्यावर नारळाची झाडं होती.

"फ्लोरिडा," तो म्हणाला.

शेजारच्या कप्प्यांपाशी बर्नाडीन पाकिटं लावत होती. तिचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू लागला.

पुढचं सगळं ग्लेनाने केलं. तिने रजेचा हिशोब काढला, तर वेंडेलने चार वर्षांत एक दिवस घेतला नव्हता. तिला वाईट वाटलं. एक आठवडा तर घ्यायलाच हवा म्हणाली, तळ्याकाठच्या फेरीला बदली माणूस ठरवला आणि कागदावर सही करून मोकळी झाली. वेंडेल म्हणाला, नको, मी पुढच्या वर्षी जाईन. त्यावर ती म्हणाली, ज्युडिथने किती दिवस वाट बघायची? शुक्रवारी केक आला. त्यावर निळ्या साखरेने लिहिलं होतं, वेंडेल आणि ज्युडिथ, मजा करा. दोन तुकडे खाऊन झाल्यावर उरलेला अख्खा केक ज्युडिथसाठी म्हणून बांधून त्याच्या हातात दिला गेला.

अशा रीतीने वेंडेल लाहती फ्लोरिडाला गेला. म्हणजे त्याने गाडी गराजमध्ये घालून दार ओढून घेतलं, पडदे लावले आणि आपल्याच घरात चोरासारखा बसला.

पहिली रात्र बरी गेली. तो झोपला, केक खाल्ला. दुसऱ्या दिवशी थंडी पडली आणि त्याच्या लक्षात आलं की शेगडी पेटवता येणार नाही. फ्लोरिडाला गेलेल्या माणसाच्या धुराड्यातून धूर कसा निघेल? सौनाही नाही, म्हणजे लाकडं पेटवून घ्यायचं वाफेचं स्नान. जन्मात पहिल्यांदा शनिवार सौनाशिवाय गेला. तो घरात कोट, टोपी आणि हातमोजे घालून फिरू लागला. हातमोज्यांनी केक खाणं जमत नाही, हेही त्याला समजलं. रविवारी शेजारचा म्हातारा खिडकीपाशी येऊन, घर ठीक आहे ना म्हणून काचेला नाक लावून बघून गेला. तेवढा वेळ वेंडेल टेबलाखाली होता. टेबलाखालून त्याला टेबलाच्या पोटावर पेन्सिलीने काढलेली बारीक फुलं दिसली. ज्युडिथने कधीतरी, फोनवर बोलता बोलता काढली असावीत. सव्वीस वर्षं त्या टेबलावर जेवलेला माणूस ती फुलं पहिल्यांदा बघत होता.

सोमवारपासून त्याला एक गोष्ट कळली. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी बर्नाडीनची गाडी गल्लीत वळायची. आधी तिचा आवाज यायचा, मग ती दिसायची. ती शेजारच्या पेटीपाशी थांबायची, वेंडेलच्या पेटीवरून न थांबता पुढे जायची, कारण टपाल रोखलेलं. पडद्याच्या फटीला डोळा लावून तो तेवढं बघायचा. मंगळवारी तो अकरालाच फटीपाशी जाऊन उभा राहिला. बुधवारी दहाला.

तळ्याकाठच्या त्याच्या फेरीवर म्हाताऱ्या बायका अशाच खिडकीत उभ्या असायच्या. त्याला वाटायचं, त्या पेन्शनच्या चेकची वाट बघतात. रोज कसला चेक येतो, असं त्याने तीस वर्षांत एकदाही मनाला विचारलं नव्हतं. गाडी येते, थांबते, पेटीचं झाकण वाजतं, तेवढ्यापुरतं कुणीतरी आपल्या दाराशी आलेलं असतं. एवढंच असतं ते. ज्याच्या दाराशी गाडी थांबत नाही, त्यालाच ते कळतं.

बुधवारी रात्रभर बर्फ पडला. हंगामातला पहिलाच, पण चांगला वीतभर. गुरुवारी पहाटे वेंडेलला जाग आली, तो उठला, बूट घातले, फावडं घेतलं, रस्त्यापर्यंत गेला आणि पत्रपेटीपुढचा बर्फ दोन्ही बाजूंना पंधरा पंधरा फूट नीट काढून आला. पेटीपुढे बर्फ साचला की गाडी जवळ येत नाही आणि टपाल परत जातं. आपल्या फेरीवरच्या लोकांना याबद्दल तीस वर्षं कडक चिठ्ठ्या लिहिणारा माणूस तो. अंगात मुरलेलं काम अर्ध्या झोपेतसुद्धा होतं. तो परत येऊन अंथरुणात शिरला आणि पुन्हा झोपला.

जाग आली ती अकरा वाजून वीस मिनिटांनी. गाडी आली आणि थांबली. त्याच्या दाराशी.

वेंडेल पडद्याकडे धावला. बाहेर अख्खी गल्ली पांढरी, प्रत्येक पेटीपुढे ढिगारा, आणि फक्त एका पेटीपुढचा रस्ता झाडून पुसून लख्ख. फ्लोरिडाला गेलेल्या माणसाच्या पेटीपुढचा. तिथून दारापर्यंत बुटांचे ठसे. जायचे आणि यायचे.

दार वाजलं. तो हलला नाही.

"वेंडेल," दारापलीकडून बर्नाडीन शांतपणे म्हणाली, "माझ्या गाडीत अजून एकशे नव्वद घरांचं टपाल आहे. तू फ्लोरिडाहून यायला किती वेळ लावणार आहेस?"

त्याने दार उघडलं. कोट, टोपी, हातमोजे, आणि मिशीला निळी साखर. बर्नाडीनच्या हातात त्याच्या रोखलेल्या टपालाचा टब होता, तो ती पोस्टातून बरोबर घेऊनच निघाली होती. टबमध्ये वर ते ठळक पाकीट होतं, आणि त्याखाली आणखी दोन. ती आत आली, टब टेबलावर ठेवला आणि खुर्चीवर बसली. कामाच्या वेळात बर्नाडीनला कुणाच्या घरात बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

वेंडेल पाकिटावर हात ठेवून उभा राहिला, जणू झाकलं की छापलेलं पुसलं जाईल. मग त्याने विचारलं, तुला काय काय ठाऊक आहे.

"मला काही ठाऊक नाही," ती म्हणाली. "मला फक्त पत्ते ठाऊक असतात."

वेंडेलच्या डोक्यात चार वर्षांची चाकं उलटी फिरू लागली. घर सोडणारं माणूस टपालासाठी नवा पत्ता देऊन जातं. ज्युडिथ कागदाच्या बाबतीत पक्की बाई, तिने तर पहिल्याच दिवशी दिला असणार. तो पत्ता कुणाकडे येतो? त्या फेरीच्या पोस्टमनकडे. गावातली फेरी करणाऱ्या बर्नाडीनकडे. चार वर्षं ज्युडिथच्या नावाची पाकिटं आली की बर्नाडीनच ती बाजूला काढून डुलुथला धाडत होती, आणि तिथून तीन फुटांवर उभा राहून वेंडेल तिला सांगत होता, ज्युडिथने तुला विचारलंय. आणि ती दर वेळी म्हणत होती, तिलाही माझा नमस्कार सांग.

"तू बोलली का नाहीस गं?"

"हात वर करून शपथ घेतलीय. लोकांच्या टपालाबद्दल बोलायचं नाही." तिने हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "तू बोलायचं होतंस. तुला कुणी शपथ घातली होती?"

वेंडेल खाली बसला. त्याला हसू आलं. बाहेर गाडीचं इंजिन चालू होतं. तेहतीस वर्षांत बर्नाडीनचं टपाल कधी उशिरा गेलं नव्हतं, आणि आता घड्याळात पावणेबारा वाजत होते. तो म्हणाला, तुला उशीर होतोय. ती म्हणाली, होऊ दे.

मग तिने उठून शेगडीत दोन लाकडं घातली आणि पेटवली. धूर निघाला तर निघू दे म्हणाली. सहा दिवसांनी त्या घरात ऊब आली. वेंडेलने टोपी काढली. पाकीट फोडलं, पुस्तक उघडलं, आणि पहिल्या पानावरच्या 'फक्त स्वतः' या शब्दांखाली पेनाने एक रेघ ओढली. फार अवघड गेलं नाही. कुणी समोर बसलेलं असलं की बोटभर अंतर बोटभरच राहतं.

बर्नाडीन नुसती बसली होती, लोक पेटीपाशी टपालाची वाट बघत उभे राहतात तशी, घाई न करता.

"त्या दिवशी मी फेरीवरून परत आलो तेव्हा ज्युडिथ दारातच उभी होती, बॅग घेऊन," वेंडेल म्हणाला. "वाट बघत असणार. मी काहीतरी म्हणेन याची. मला म्हणायचं होतं, जाऊ नकोस." त्याने पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "मी म्हणालो, टायरमधली हवा बघून जा."