जुना कारभारी नव्या यंत्रात नांदला त्याची हकीकत

श्रीगजवदन साक्ष, नदी साक्ष. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, श्रावणमासी जे घडले ते जैसे पाहिले तैसे लिहिले. पदरचे मीठ घातले नाही. होते तेच पुष्कळ खारट.

नदीकाठी एक राज्य होते, आणि राज्याची धनीण राजसबाईसाहेब. यजमान सर्जेरावसाहेब कैलासवासी होऊन बारा वर्षे जाहली, तेव्हापासून कारभार बाईंचाच. अक्षर बेताचे, परंतु जिभेस धार ऐशी की सुपारी कातरून घ्यावी. नदीस पाणी चढले तर भोंगा वाजवावा आणि खालच्या वाडीने टेकडी गाठावी, ऐशी रीत. आणि पाण्यावर नजर ठेवणे हे काम दिवाणखान्यातील एका यंत्राकडे. यंत्र म्हणजे सर्व्हर, आणि त्याचे पोटी बसून हुकूम चालविणारी ऑपरेटिंग सिस्टीम, तीस दरबारी जुना कारभारी म्हणत. पाण्याची मापे वाचणे, पाणी चढता "भोंगा वाजवावा?" ऐसे धन्यास पुसणे, आणि दिले उत्तर लिहून ठेवणे, इतकेच तो जाणे. परंतु तितके त्याच्यावाचून दुसरा कोणी न जाणे, कारण त्यास पढविणारे दुकान केव्हाच उठले होते.

ऐसे असता वैशाखी जुने यंत्र धूर होऊन निमाले. कारभारी तेवढा तबकडीवर शाबूत सापडला. मग नवे यंत्र आणविले, काळे, चकचकीत, दहा हत्तींच्या बळाचे, आणि कारभारी त्यात बसविला, तो पडदा निळा पडून गप्प जाहला. शहरातून केतकी नामे कारागीरीण आणिली होती, ती म्हणाली, "बाईसाहेब, हे यंत्र त्याच्या जन्मानंतरचं. याची दारं-खिडक्या त्याला ओळखूच येत नाहीत."

बाई बोलिल्या, "म्हातारी माणसं नव्या घरात न्हाणीघर शोधत फिरतात, तसं म्हण की. मग काय, वाटेला लावायचा?"

"नाही. नव्या यंत्राच्या पोटात एक खोटं जुनं यंत्र उभं करते. आभासी यंत्र म्हणतात. तो त्यात राहील, आणि त्याला वाटेल, आपण घरीच आहोत."

"आणि कळलं तर?"

"कळत नाही त्यांना."

तैसे केले. परंतु कारभाऱ्याची सनद, म्हणजे चालण्याचा परवाना, त्याच वैशाखात सरली होती, आणि नवी देणारे कोणी उरले नव्हते. मग केतकीने युक्ती योजिली. अठ्ठावीस वर्षांनी वार आणि तारखा पुन्हा जुळतात, म्हणून खोट्या यंत्राचे घड्याळ अठ्ठावीस वर्षे मागे नेले, म्हणजे सोमवारची भोंग्याची चाचणी सोमवारीच पडावी आणि सनदही जिवंत भासावी. कारभारी उठला, आणि पहिलेच अक्षर पडद्यावर उमटले ते "सर्जेरावसाहेब, रामराम." बाईंनी कपाळावरचा पदर पुढे ओढिला. बारा वर्षांत तो ओढिला नव्हता.

मग त्या अवघा पावसाळा यंत्रापुढे बसत, आणि भोवती दिवस आजचा, आत दिवस तेव्हाचा, ऐसे चालले. कधी कारभारी पाण्याचे माप आधी सांगे, आणि नदीतील पट्टी घटकाभराने तेथवर येई. केतकी म्हणे, "घड्याळ जरा पुढं पळतं, नवं यंत्र जलद ना." बाई म्हणत, "घड्याळ पळतं ते समजलं. नदी कुणाचं ऐकून पळते?"

पुढे ऑगस्टाची एकोणीस तारीख आली, वार सोमवार. ही तारीख राज्यात कोणी तोंडाने घेत नसे. अठ्ठावीस वर्षांमागे याच दिवशी भरदुपारी नदी वाडीत शिरली, भोंगा वाजला नाही, आणि नऊ माणसे गेली. दोष पहारेकरी येसू भोयावर आला, की हा निजला होता. त्यास राज्याबाहेर घालविले, आणि बाईंनीच चौकात सांगितले, "झोपाळ्या माणसाचं तोंड मला दिसता कामा नये." तो वरच्या घाटात शेळ्या राखीत म्हातारा जाहला.

नव्या यंत्राप्रीत्यर्थ त्या दिवशी चौकात पंगत मांडिली होती. ऊन लख्ख होते आणि नदी गुडघाभर. इतक्यात कारभारी बोलिला: "पाणी धोक्यावर. भोंगा वाजवावा? होय अथवा नाही." केतकी धावत आली, पाहून हसली. म्हणाली, "घाबरू नका. या तारखेची वही त्याच्याजवळ आधीपासून आहे. जुनी पानं तो आजची समजतोय. नाही म्हणा, झालं."

"जुनी पानं? त्या दिवशीची? वाच."

केतकीने उघडून वाचिले, आणि वाचता वाचता तिचा आवाज उतरला. "पहारेकरी येसू याने तीनदा कळविले. भोंगा वाजवावा? उत्तर, नाही. उत्तर देणार, सर्जेराव. कारण…"

"थांबलीस का? कारण काय?"

"घरात पंगत आहे. राजस म्हणते, पाने उठेपर्यंत थांबा."

चौकातून वाढप्याने हाक दिली, "बाईसाहेब, पानं वाढली, वरण निवतंय!" आणि पडद्यावर तीच अक्षरे पुन्हा उमटली, जणू कोणी दाराशी उभा राहून दुसऱ्यांदा पुसत होता. केतकी हळू म्हणाली, "नाही म्हणा, बाईसाहेब. उगीच लोक हसतील." बाई बोलिल्या, "त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं, पोरी," आणि आपल्या बोटाने होय दाबिले.

भोंगा वाजला. लोक हात न धुता उठले, वाडी शिव्या देत टेकडीवर चढली, आणि बाईही काठी टेकीत चढल्या. घाटातून येसू भोयास बोलाविले, कारण टेकडीवर माणसे मोजणे हे पहारेकऱ्याचेच काम. तो येऊन दूर उभा राहिला, मान खाली घालून. तेव्हा बाई सर्वांदेखत बोलिल्या, "हा निजला नव्हता. यानं तीनदा सांगितलं. पंगतीसाठी भोंगा मी थांबवला. थुंकायचं तर इकडं थुंका. येसूदादा, माणसं मोज."

येसूने मोजिली, पुन्हा मोजिली, आणि जवळ येऊन म्हणाला, "बाईसाहेब, वाडीवाले सांगतात दोनशे चौदा पाहिजेत. दोनशे तेवीस भरतात."

टेकडीवर वारा पडला होता. बाईंनी मान वळविली नाही. म्हणाल्या, "पानं वर आणा. नऊ जास्त मांडा, कडेला, नदीकडं तोंड करून. आणि कुणाला घाई करू नका."

पंगत जाहली. नदी दिवसभर गुडघाभरच राहिली. सांजवेळी पाने उचलिली, तो कडेची नऊ पाने रिकामी, आणि त्यांखालचा खडक नऊ ठिकाणी ओला, जैसा भिजल्या धोतरा-लुगड्यांनी बसल्यावर व्हावा. दिवाणखान्यात कारभाऱ्याने त्या तारखेपुढे लिहिले होते: "उत्तर, होय. वाडी रिकामी. सर्व वर पोहोचले." मागले "नाही" वहीत धुंडिले, ते सापडले नाही. बाई केतकीस म्हणाल्या, "त्यानं खोडलं असेल. मी नाही खोडणार," आणि येसूस आपल्या हाताने पहारेकऱ्याची काठी दिली.

एणेंप्रमाणे जुना कारभारी खोट्या घरात राहून खरे बोलिला, धनिणीने भरल्या पंगतीत खरे ऐकिले, आणि त्या राज्यी भोंगा वाजता पान वाढलेले असले तरी मनुष्य उठतो. हकीकत इतकीच.