मी नुसता सोबत आलोय!

हट्टी माणसाला हलवायचं असेल तर ते काम माझ्याकडे द्यावं, असं मी कायम म्हणत आलोय. बायको असं म्हणत नाही, पण तिला कौतुक करायला सवड कुठे असते! मी लिफ्टचा मिस्त्री. अडकलेलं हलवणं हाच माझा धंदा. दोन मजल्यांच्या मधे लटकून आतून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी माणसं मी गोडीगुलाबीनं खाली आणलीत. मग एका साडूला दवाखान्यात नेणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मोटार चालवायला शिकवतात, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणतात. माणूस सोन्यासारखा, पण दवाखान्याचं नाव काढलं की पावसात भिजलेल्या मांजरासारखा अंग चोरून बसायचा. आणि त्रास तर सगळ्या गावाला दिसत होता! त्यांचे विद्यार्थी गाडी शिकायला यायचे आणि सार्वजनिक मुताऱ्या पाठ करून जायचे. चौकातली, बागेमागची, बाजारातली. एका पोरीला परीक्षेत गाडी लावायला सांगितली, तर तिनं थेट मुतारीसमोर नेऊन लावली. म्हणे, मला एवढंच शिकवलंय! भरीला मास्तरांची पाठ दुखायची, पट्टा मागच्या भोकावर गेला होता, आणि विचारलं तर म्हणायचे, "वय झालं की नळ जुना होतोच."

एका रविवारी बायको म्हणाली, "अहो, ताई रडत होती फोनवर. भाऊजी कुणाचं ऐकेनात. तुम्ही बघा ना काहीतरी."

"बघतो म्हणजे? झालंच समज!"

माझा बेत असा : मास्तरांना म्हणायचं, मलाच तपासून घ्यायचंय, एकट्याला कसंसंच वाटतं, तुम्ही नुसते सोबत चला. तिथं गेल्यावर 'आलोच आहोत तर' म्हणून त्यांना आत ढकलायचं. आहे की नाही डोकं!

फोन केला. मला वाटलं, माणूस हजार सबबी सांगेल. पण मास्तर चटकन म्हणाले, "चला की! मी तेच म्हणणार होतो!"

इथंच मला संशय यायला हवा होता. नाही आला. हुशार माणसाला आपल्या बेताचं इतकं कौतुक असतं की दुसऱ्याचाही बेत असू शकतो, हे त्याच्या ध्यानातच येत नाही.

आमच्या भागातलं आरोग्य केंद्र म्हणजे पोपटी भिंती, खिळे ठोकून एकमेकींना जोडलेल्या खुर्च्या, आणि वर एक पंखा, जो फिरण्यापेक्षा कुरकुरण्याचंच काम मन लावून करतो. खिडकीत बसलेल्या नर्सबाईंनी मान वर न करता विचारलं, "पेशंट कोण?"

"हे!" मी मास्तरांकडे बोट केलं.

"हे!" मास्तरांनी माझ्याकडे केलं.

"मी नुसता सोबत आलोय!" हे आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

नर्सबाईंनी आता मान वर केली. "पेशंट नाही आणि सोबतच दोन? इथं काय वऱ्हाड आलंय का?"

"मास्तर, तुम्ही आधी," मी म्हटलं.

"छे छे, मिस्त्री, तुमच्यासाठी आलोय ना आपण? तुम्हीच म्हणालात."

"म्हणालो खरा, पण तुम्ही मोठे."

"आजारात कसला मोठेपणा!"

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे, जा रे कुणीतरी एकजण! इथं लोकं खोळंबलीत!" नर्सबाईंनी दोघांच्या हातात एकेक चिठ्ठी कोंबली, मला डाव्या दारात ढकललं, मास्तरांना उजव्या. दारात मास्तरांनी मला डोळा मारला. मीही मारला. दोघांनाही वाटलं, जमलं बरं का!

आत एक डॉक्टरीणबाई. माझ्या पुतणीच्या वयाच्या. "काय त्रास होतो काका?"

झाली की पंचाईत! मला कसला त्रास? मी ठणठणीत! जिने चढताना जरा धाप लागायची, छातीत दगड ठेवल्यासारखं व्हायचं, पण लिफ्टवाल्याला बंद लिफ्टकडेच जावं लागतं, म्हणजे जिने आलेच. धाप न लागून काय होईल? मधल्या मजल्यावर मी कठडा हलवून बघायचो. लोकांना वाटायचं, कामाचा माणूस, कठडासुद्धा तपासतोय.

तर मला काहीच नव्हतं. मग बाईंना सांगायचं काय? तेवढ्यात माझं डोकं पुन्हा चाललं. (या गोष्टीत जिथं जिथं माझं डोकं चालतं, तिथं तिथं वाचकांनी घाबरावं.) म्हटलं, मास्तरांचीच लक्षणं सांगू! बाई औषध देतील, ते ताईंच्या हातात नेऊन देऊ. सापही मेला आणि काठीही शाबूत!

"लघवीला सारखं जावं लागतं," मी खालमानेनं म्हटलं. "धार बारीक. पाठ दुखते."

"वजन उतरलंय का?"

"हो... म्हणजे पट्टा सैल होतो."

बाईंनी माझ्या पोटाकडे पाहिलं. ते पट्ट्यावरून बाल्कनीसारखं बाहेर आलेलं होतं. पण बिचाऱ्यांनी तेही लिहून घेतलं. रक्तदाब घेतला. "थोडा जास्त आहे. पुन्हा येऊन तपासा हं, विसरू नका." मग हातमोजा चढवत म्हणाल्या, "डाव्या कुशीवर वळा. गुडघे पोटाशी घ्या."

मंडळी, पुढचं सांगत नाही. साडूसाठी माणसं रक्त देतात. मी इज्जत दिली! वर रक्तही दिलंच, तपासणीला. रक्तदाब जास्त आला तो या भीतीनंच, असं मी तिथंच ठरवून टाकलं. हातमोजा रक्तदाब घेऊन झाल्यावर चढला होता, हा भाग सोयीस्करपणे विसरून.

बाहेर आलो तर मास्तर आधीच खुर्चीवर. चेहरा नुसता फुललेला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"उत्तम! एकदम उत्तम! तुमचं?"

"माझंही हाताला काही लागत नाही म्हणाल्या. रक्ताचं कळवतील." मग मी त्यांच्या कानाशी लागलो, "मास्तर, ते मुतारीचं असतं ना, त्यात काही नसतं हो. मी खोदून विचारलंय."

मास्तरांनी माझा हात दाबला. "आणि मिस्त्री, ती जिन्यावरची धाप असते ना, त्यातही काही नसतं. मीही विचारलंय."

केवढा जीव लावतो हा माणूस आपल्याला, असं वाटून मला भरून आलं. त्यांनाही आलं असावं, कारण ते लगेच उठून मुतारीकडे गेले.

पुढे माझ्या रक्ताचा निरोप आला, काही दोष नाही. बायकोनं हुश्श केलं. तिकडे ताईंनीही हुश्श केलं. रक्तदाब पुन्हा तपासायला मी काही गेलो नाही. ठणठणीत माणसानं कशाला गर्दी करायची?

एक दिवस एका उंच इमारतीतली लिफ्ट बिघडली. मी जिने चढून गच्चीवरच्या खोलीत पोचलो, मुख्य बटण बंद केलं, पान्हा उचलला, आणि छातीतला तो दगड एकाएकी भिंतीएवढा झाला. डावा हात आपला राहिला नाही. मी तिथंच ग्रीसच्या डब्यावर बसलो. बसलो कसला, सांडलो!

माझ्या हाताखालच्या कारागिरानं आरडाओरडा केला. माणसं जमली. न्यायचं कसं? लिफ्ट बंद! चालू कोण करणार? मी! आणि मी तर जीभ टाळ्याला लावून पडलेलो. शेवटी कुणाच्या तरी घरातून आरामखुर्ची आणली, मला तिच्यात बांधलं आणि चौघं जिन्यानं निघाले. प्रत्येक वळणावर माझं डोकं भिंतीला आपटत होतं. एका मजल्यावर एक आजीबाई पिशवी घेऊन उभ्या होत्या. माझ्या तोंडाशी वाकून म्हणाल्या, "जाताय ते ठीक आहे, पण लिफ्टचं काय?"

मोठ्या इस्पितळात डोळे उघडले तेव्हा हृदयाच्या नळीत स्टेंट बसवून झाला होता. शेजारी डॉक्टर, बायको, ताई आणि पायाशी मास्तर.

"आधी कधी छातीची तपासणी केली नव्हती?" डॉक्टरांनी विचारलं.

"केली होती की!" बायको तडकली. "आरोग्य केंद्रात. सगळं उत्तम आलं होतं!"

"छातीची नाही गं," मी कण्हलो. "माझं ते... लघवीचं तपासलं."

"लघवीचं? तुम्हाला कुठं लघवीचा त्रास आहे? तो भाऊजींना!"

"म्हणूनच ना! त्यांची लक्षणं सांगितली मी."

बायको बघतच राहिली. मग ताई हळूच मास्तरांकडे वळल्या. "अहो... तुमचा छातीचा कार्डिओग्राम काढला होता ना? केंद्रात? मी तेव्हा विचारलंसुद्धा, छातीचं कशाला?"

मास्तर माझ्या पायाशी पलंगाची दांडी धरून उभे होते. चेहरा पांढरा पडलेला. "यांना धाप लागते, पण हे जाणार नाहीत, असं तूच म्हणालीस. आत गेलो आणि डॉक्टरांनी विचारलं, काय होतं. मला तर काही होत नव्हतं. म्हणून मी यांचंच सांगितलं."

"आणि लघवीचं? ते नाही विचारलं त्यांनी?"

"विचारलं. मी नाही म्हटलं. मिस्त्रींना कुठं आहे तो त्रास!"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तेवढ्यात मलाच हसू फुटलं. छातीत कळ आली तरी थांबेना. मास्तरही हसायला लागले. दोघी बहिणी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी दोन बाजूंनी मास्तरांचे दंड धरले आणि त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर नेलं. या वेळी दोघी त्यांच्याबरोबर आत गेल्या.

त्यांचं निदान यायला थोडे दिवस लागले. प्रोस्टेटचा कर्करोग. पाठीच्या मणक्यापर्यंत गेलेला. आधी आला असतात तर, असं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य अर्धंच सोडलं. आधी आलो होतो की! सोबत!

त्यानंतर मास्तर जवळजवळ वर्षभर होते. इंजेक्शनं घेतली, पाठीला किरण घेतले. बहुतेक वेळा मीच न्यायचो. ढकलखुर्ची ढकलणाऱ्या वॉर्डबॉयला ते सूचना द्यायचे, "वळताना मागे बघा. घाई कसली आहे? पोचायचंय तिथंच पोचणार." इंजेक्शनांनी त्यांना घामाच्या धारा लागायच्या. ताईंकडे बघून म्हणायचे, "तुला पाळी जाताना असंच व्हायचं तेव्हा मी चेष्टा केली. आता कळतंय!"

एका दुपारी खाटेवर पडल्या पडल्या ते म्हणाले, "मिस्त्री, हिशेब कळला का? माझं हृदय पास, तुमचं खालचं पास. दोघांत मिळून एक धडधाकट माणूस होता आपल्याकडे!"

"होता खरा," मी म्हटलं.

"आणि दवाखान्यात आपण नेमका त्यालाच नेला."

मी हसलो. मग खिडकीची कडी तपासायला गेलो. ती कडी नीट होती, पण मी बराच वेळ तपासली. मागून मास्तर म्हणाले, "राहू द्या हो, मिस्त्री. मीही तुमच्या ताईंसमोर चादरच नीट करत असतो."

ते गेले तेव्हा मी तिथं नव्हतो. कामावर होतो. कुणाची तरी लिफ्ट अडकली होती.

आता मी केंद्रात नेमानं जातो. त्याच डॉक्टरीणबाईंकडे. त्यांना सगळी हकिगत सांगितली तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. परवा रक्तदाब घेतला, गोळ्या तपासल्या आणि विचारलं, "बाकी काही त्रास?"

"नाही."

त्यांनी पुढची चिठ्ठी उचलली नाही. नुसत्या थांबल्या. मी उठलो, दारापर्यंत गेलो आणि परत येऊन बसलो.

"रडू येतं," मी म्हटलं. "लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो की. तिथं कुणी बघत नाही ना! कारागीर वरून विचारतो, काय झालं? मी म्हणतो, वंगण डोळ्यात गेलं."

बाईंनी लेखणी खाली ठेवली. "काका, ही लक्षणं कुणाची?"

"माझीच," मी म्हटलं. "देवाशपथ माझीच."

बऱ्याच वेळानं बाहेर आलो. तिथं अशाच माणसांशी बोलायला एक बाई बसतात म्हणे, त्यांची वेळ घेतलीय. बायको बाकावर बसून वाट बघत होती. डोळे वगैरे पुसूनच मी गेलो होतो.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. सगळं उत्तम!"

ती उठली. तिनं आपली पर्स माझ्या हातात दिली आणि सरळ डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. नर्सबाईंनी खिडकीतून माझ्याकडे पाहिलं, मग पर्सकडे. मी पर्स खांद्याला अडकवली आणि मुकाट्यानं बाकावर बसून राहिलो.